उस्तादांचा वारा

उस्तादांनी उभ्या आयुष्यात चारचौघांत कधी वारा सोडला नव्हता, आणि आता चारच नव्हे, चांगली सहा माणसं त्यांच्या खाटेभोवती उभी राहून त्याचीच वाट बघत होती.

"सरला का वारा, आजोबा?" सर्जनबाईंनी विचारलं.

उस्ताद छताकडे बघत राहिले. नाकात नळी, मनगटात सुई, पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं आणि तोंडाचं पार बोळकं. त्यांना दाखल करतानाच सिस्टरनी कवळी काढून घेतली होती. दातांशिवाय ते सहसा कुणाशी बोलत नसत, बायकोशीसुद्धा नाही. आणि हा विषय तर दात असतानाही बोलायचा नव्हता.

"अहो, त्या विचारतायत," उस्तादांची बायको, लेकीची आई, म्हणाली, "पादलात का?"

"अगं, काय हे!"

"काय हे काय? एवढी शिकलेली बाई तोंड भरून विचारते आणि तुम्हांला उत्तर द्यायला जड जातं? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. कविता नको आहे कुणाला."

उस्तादांनी डोळे मिटून मान हलवली. नाही.

"माझा झाला हो डॉक्टर," शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "पहाटेच. दोनदा. लिहून घ्या."

तो माणूस बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. तीन दिवसांपूर्वी त्याचं अपेंडिक्स काढलं होतं, आणि तेव्हापासून स्वतःच्या पोटाची बातमी तो न विचारता सगळ्या वॉर्डाला देत होता.

"तुमचं कालच लिहिलंय," सर्जनबाई मान वर न करता म्हणाल्या. "आता थांबलात तरी चालेल."

दोन्ही शिकाऊ डॉक्टर हसले. सिस्टर हसल्या. खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली लेक हसली नाही. ती सर्जनबाईंच्या बोटांकडे बघत होती. ती बोटं उस्तादांच्या पोटावर एका जागी दाबत होती, थांबत होती, परत तिथंच येत होती. आपल्याकडे गिऱ्हाईक आलं की बाबांचा अंगठा हिरडीवरून असाच फिरतो, हे लेकीला माहीत होतं. दुखरी जागा सापडली की असाच थांबतो.

"आतड्यात अडथळा आहे," सर्जनबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. "स्कॅनमध्ये एक गोळा दिसतोय. गाठ असू शकते. पूर्ण बंद नाही अजून, पण उघडेल असंही दिसत नाही. उद्या अकराला ऑपरेशनची वेळ धरलीय. तेवढा आतड्याचा भाग कापून काढायचा."

"आणि त्यांचं हृदय?"

सर्जनबाईंनी फाइल मिटली. "भूल देणारे डॉक्टर फाइल बघून गेलेत. खूश नव्हते."

लेकीनं फक्त "बरं" म्हटलं. 

उस्ताद म्हणजे कवळ्या करणारे. पंचेचाळीस वर्षं झाली. बाजाराच्या टोकाला, चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खुर्ची आणि आरसा, मागच्या खोलीत प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, पॉलिशचं चाक आणि फडताळात रांगेनं मांडलेले लोकांचे जबडे. शहरातली निम्मी म्हातारी मंडळी उस्तादांच्या दातांनी जेवत होती आणि उरलेली निम्मी त्यांच्या दातांनी हसत होती. उस्ताद हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण बारशाला ठेवलेलं नाव आता फक्त हॉस्पिटलच्या पट्टीवर उरलं होतं.

त्यांच्या दुकानात एक रीत होती. नवी कवळी न्यायला आलेल्या माणसाला ते तसं घरी जाऊ देत नसत. टेबलावर दोन बशा यायच्या, एक गिऱ्हाइकाची, एक उस्तादांची. दोन्हींत तेच: सफरचंदाची एक जाड फोड, संत्र्याच्या तीन-चार फोडी, उकडलेल्या मक्याचे दाणे आणि शेवटी एक सुकं अंजीर. याला ते तालीम म्हणत. "घाबरायचं नाही. माझ्याकडे बघा. मी घास घेतला की तुम्ही घ्यायचा." मग दोघं समोरासमोर बसून चावत. उस्तादांच्याही तोंडात कवळीच आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असायचं, त्यामुळे धीर यायचा. अंजीर म्हणजे फायनल परीक्षा, कारण ते चिकट. ते खाऊनही कवळी जागची हलली नाही की उस्ताद उठून हात मिळवायचे आणि म्हणायचे, "पास."

आठवड्याला पाच-सहा तालमी तरी होत. अलीकडे लेकच सगळं काम करायची. माप ती घ्यायची, साचे ती भरायची, दात ती लावायची. पण तालीम उस्तादांचीच. "तुझ्या तोंडात खरे दात आहेत," ते म्हणायचे. "तुझ्याकडे बघून कुणाला धीर येणार? उपाशी माणसासमोर बसून पोटभर ढेकर दिल्यासारखं होईल ते."

सर्जनबाईंनी आल्या दिवशीच विचारलं होतं, "आजोबा, खाणं काय असतं? चोथ्याचं खूप खाता का? नीट चावून खाता ना?"

उस्तादांनी नाकातली नळी सावरत उशीवरून मान अशी काही उचलली होती, की जणू स्वयंपाक्याला कुणी विचारावं, तुम्हांला मीठ माहीत आहे का. "मी?" ते म्हणाले होते. "पंचेचाळीस वर्षं लोकांना चावायला लावलंय मी."

सर्जनबाईंनी फाइलवर लिहून टाकलं: आहार नेहमीचा, चर्वण व्यवस्थित.

राउंड पुढे गेला. लेक बाहेरच्या बाकावर येऊन बसली. तिथं आई आधीच पोचली होती, आणि राउंडपुरता आयाबाईंकडे दिलेला लेकीचा आठ महिन्यांचा मुलगा तिच्या मांडीवर बसून आजीच्या पर्सचा पट्टा चघळत होता. खरं नाव छान तीन अक्षरी होतं, पण सगळे त्याला ठोंब्या म्हणत. त्याला खाली दोन दात आले होते आणि त्या दोन दातांवर त्यानं घरातल्या सगळ्या फर्निचरची परीक्षा घेतली होती.

"घे बाई तुझा उंदीर," आई म्हणाली. "पट्टा अर्धा गेला पोटात. उद्या याचंही स्कॅन काढा."

लेकीनं त्याला पदराखाली घेतलं. तो तुटून पडला. सकाळपासून तिची ही तिसरी फेरी होती: वॉर्डात दहा मिनिटं, बाकावर वीस मिनिटं. या आठ महिन्यांत तिनं जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा पोटाचाच विचार जास्त केला होता. ठोंब्याला सू झाली का, शी झाली का, कुठल्या रंगाची झाली, ढेकर निघाली का, गॅस अडकला का. पाय सायकलसारखे फिरवून, पोटावर शेकून, उताणं-पालथं करून पाठ थोपटत खोलीत येरझारा घालायच्या, आणि मग तो फुर्रकन आवाज आला की घरात सण झाल्यासारखं व्हायचं. नवरा दुसऱ्या खोलीतून ओरडून विचारायचा, "झालं?" ती ओरडून सांगायची, "झालं!" माणूस आयुष्याच्या सुरुवातीला याच आवाजावर शाबासकी मिळवतो, मग साठ-सत्तर वर्षं तोच आवाज लपवत फिरतो. आणि मग एक दिवस पुन्हा सगळे त्याच्याभोवती कान देऊन उभे राहतात. बाबांचेही पाय धरून सायकल चालवता आली असती तर तिनं चालवली असती.

"हे तुझ्याकडे ठेव," सिस्टर येऊन म्हणाल्या आणि झाकण लावलेली प्लास्टिकची डबी तिच्या हातात देऊन गेल्या. "इथं हरवली की आमच्या डोक्यावर. मागच्या महिन्यात दोघांच्या बदलल्या, काय तमाशा झाला."

डबीत उस्तादांची कवळी होती. ती लेकीनं केलेली होती. दुकान हातात घेतल्यावर तिनं एकटीनं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेली पहिली पूर्ण कवळी. सव्वा वर्षापूर्वी बाबांनी आपली जुनी काढून फडताळात ठेवली होती आणि आरशासमोर उभं राहून ही घातली होती. तीन वेळा तोंड उघडून मिटलं होतं. "फर्स्टक्लास," म्हणाले होते. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला जबडा वासून दाखवायचे. "बघा. पोरीचं काम."

एका हातानं ठोंब्याला सांभाळत तिनं दुसऱ्या हातानं डबी उघडली. नुसती बघायला. कामाची सवय, दात दिसले की दाढा बघायच्या. सव्वा वर्ष वापरलेल्या दाढांवर खुणा असतात. टोकं झिजतात, चकाकी मरते, जिथं वरची दाढ खालचीला भेटते तिथं मंद, पुसट ठिपके पडतात. माणूस कुठल्या बाजूनं जास्त चावतो तेही कवळी चहाडी करून सांगते.

या दाढा काहीच सांगत नव्हत्या. पॉलिशच्या चाकावरून उतरल्या दिवशी जशा चमकत होत्या तशाच चमकत होत्या.

तिनं वरची आणि खालची कवळी एकमेकींवर बसवली. पुढचे दात टेकले. मागच्या दाढा टेकल्या नाहीत. ती कवळी उजेडाकडे धरून बघत राहिली. मधून समोरच्या भिंतीवरची पाटी दिसत होती.

"आई," ती म्हणाली. "बाबा घरी कसे जेवतात?"

"कसे म्हणजे? तोंडानं."

"आई."

"अगं, ते कधीपासून वेगळेच बसतात, पेपर घेऊन. मऊ कर, पातळ कर, एवढंच चालू असतं. मला वाटलं वयानं झालं." आईनं कवळीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "का गं? काय दिसतंय तुला त्यात?"

लेकीला एकदम तो महिना आठवला. गरोदरपणाचा सातवा आठवडा होता. मेणाचा वास नाकात शिरला की ती मोरीकडे पळायची. बाबांच्या तोंडातून काढलेली मेणाची पट्टी, ज्यावर त्यांचा चावा उमटला होता, ती तिनं एकदा पळताना खिडकीत ठेवली होती. खिडकीत ऊन यायचं. ऊन लागलं की मेण मऊ पडून चाव्याचं माप बिघडतं, हे दुकानातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

तिनं ठोंब्याला तसंच, अर्ध्या घोटात, आईच्या मांडीवर दिलं. तो बोंबलला. ती वॉर्डात शिरली.

"बाबा, तुम्ही या कवळीनं चावता?"

उस्तादांनी डोळे उघडले. "चावतो तर."

"खोटं."

शेजारच्या ट्रम्पेटवाल्यानं हातातला पेपर हळूच खाली केला.

"दाढा लागतच नाहीत एकमेकींना," लेक म्हणाली. आवाज खाली ठेवायचा तिचा विचार होता, पण आवाज ऐकत नव्हता. "सव्वा वर्ष! एक ठिपका नाही दाढेवर. तुम्ही रोज त्या तालमीत काय करत होतात मग? गिऱ्हाइकासमोर बसून तोंड हलवत होतात? गिळत होतात सगळं? सफरचंद? अंजीर?"

"हळू बोल. लोक आहेत."

"असू देत लोक! चुकलं होतं माझं, तर सांगायचं ना! दोन मिलिमीटरची फट आहे मागे. दोन मिलिमीटर! यात अख्खं संत्रं जाईल!"

"दीड," उस्ताद म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण पंचेचाळीस वर्षांची सवय. चुकीचं माप कानावर पडलं की माणूस झोपेतूनही दुरुस्त करतो.

लेक खाटेच्या कडेवर बसली. "कधीपासून माहीत होतं तुम्हांला?"

"घातल्या घातल्या." नळीमुळे आणि बोळक्या तोंडामुळे शब्द ओले होऊन येत होते. "आरशासमोर. तीन वेळा मिटून बघितलं ना मी."

"आणि म्हणालात फर्स्टक्लास."

"तू दर अर्ध्या तासाला मोरीकडे पळत होतीस. तोंड पांढरं फटक. सांगितलं नव्हतंस कुणाला, पण मला काय डोळे नव्हते? त्यात तुला म्हणू, परत कर?"

"मग नंतर?"

"नंतर ठोंब्या झाला. मग तू झोपत नव्हतीस. बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचीस. एकदा तर साच्यात प्लास्टरऐवजी पीठ कालवलंस."

"मग जुनी घालायची ना!"

"जुनी घातली तर तुला कळलं नसतं?" त्यांनी चादर वर ओढली. "आणि मग सवय झाली गं. संत्र्याची फोड सरळ जाते. मका जातो. अंजिराला जरा पाणी लागतं, एवढंच."

लेकीला हसावं की रडावं कळेना. डोळ्यांनी परस्पर निर्णय घेतला आणि ते वाहायला लागले. मागून आईचा आवाज आला. ती ठोंब्याला काखोटीला मारून दारात उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"वा!" आई म्हणाली. "वा रे वा! आतडं बंद पडेपर्यंत लेकीचं कौतुक. आणि माझ्या हातून चिमूटभर मीठ जास्त पडलं तर ताट सरकवता, ते?"

"अगं, तुझं आणि तिचं..."

"बोलू नका. फुगून मराल, तरी तोंडातून खरं निघणार नाही तुमच्या. दोन्ही बाजूंनी बंद हा माणूस!"

ट्रम्पेटवाल्यानं पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. पेपर हलत होता.

लेकीनं नाक पुसलं आणि सर्जनबाईंना शोधायला धावली. त्या जिन्यात सापडल्या, हातात सँडविच. लेकीनं एका दमात सगळं सांगितलं: फट, दाढा, तालीम, आठवड्याला सहा बशा, सव्वा वर्ष. सांगताना तिला स्वतःच्या कानांनाही ते खरं वाटेना.

सर्जनबाई चावायच्या थांबल्या. मग कधी नव्हे इतक्या सावकाश तो घास चावून संपवला. "संत्र्याच्या फोडी न चावता? सालासकट?"

"फोडीच्या सालासकट. आणि अंजीर. आणि मका."

"त्याचा तर दगड होतो," त्या म्हणाल्या. "चोथा पचत नाही. एकमेकांत गुंततो, घट्ट गोळा होतो, आणि आतडं जिथं अरुंद होतं तिथं जाऊन बसतो. म्हणूनच स्कॅनमध्ये त्यात बुडबुडे दिसत होते. मला ते खटकलं होतं, पण फाइलवर लिहिलंय, चर्वण व्यवस्थित."

"म्हणजे गाठ नाही?"

"म्हणजे बहुतेक नाही. खरं काय ते पोटालाच ठाऊक." त्या जिना उतरायला लागल्या होत्या. "नळीतून रंगाचं औषध देते. तो रंग गोळ्याला वळसा घालून पुढे गेला, तर वाट आहे म्हणायची. कधी कधी त्या औषधानं गोळाही सुटतो, सरकतो. उद्या अकरापर्यंत वारा सरला तर चाकू नाही. नाही सरला, तर मात्र उघडायचंच, गाठ असो की संत्रं. जास्त थांबले तर आतडं फाटेल."

"अकरा."

"अकरा. आणि त्यांना सांगा, इथं लाजणाऱ्याला बक्षीस नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटाचा फोटो काढला. रंग गोळ्यापाशी पोचला होता आणि तिथंच घुटमळत होता. "पाहुणा दारात उभा आहे," सर्जनबाई म्हणाल्या, "आत येतो की नाही, बघू." त्यांनी उस्तादांना उठवून चालायला लावलं. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला सलाईनचा खांब, असे उस्ताद वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. पाठीमागून बांधायचा हॉस्पिटलचा झगा होता. एक हात त्यांनी सतत मागे धरला होता, झगा मिटून.

"सोडा तो हात," आई म्हणाली. "तुमचं बघून बघून मला काही नवीन उरलं नाही, आणि या लोकांना तर हे रोजचंच आहे."

"लाज असते माणसाला."

"तीच अडकलीय तुमच्या आतड्यात."

वॉर्डात सगळ्यांना अकराची बातमी लागली होती. सफाईवाली बाई लादी पुसता पुसता विचारून गेली. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी आपला अनुभव सांगितला, जो कुणी विचारला नव्हता. ट्रम्पेटवाला म्हणाला, "उस्ताद, आमच्यात नवीन पोरं यायची, त्यांना फुंकायला सांगितलं की छाती फुगवायची, गाल फुगवायची, आवाज काही निघायचा नाही. मग आमचे मास्तर सांगायचे, जोर लावू नका, विसरून जा. विसरलात की वाजतं."

"मी काय वाद्य आहे?" उस्ताद खेकसले.

"तेवढे नशीबवान नाही तुम्ही. वाद्याला लाज नसते."

दहाला भेटायची वेळ सुरू झाली. लेकीनं ठोंब्याला आत आणलं. सिस्टरनी न बघितल्यासारखं केलं. तिनं त्याला उस्तादांच्या मांडीपाशी, खाटेवर बसवलं. ऑपरेशनच्या संमतीचा कागद तिच्या पर्समध्ये होता, सही केलेला. सही करताना तिनं खाली छापलेले शक्यतांचे सगळे मुद्दे वाचले होते आणि आता वाचले नसते तर बरं झालं असतं असं वाटत होतं. दीड मिलिमीटर. माणूस एवढ्याशा फटीतून पडून मरू शकतो, आणि फट आपण ठेवलेली.

ठोंब्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला नाकातली नळी दिसली होती. तो तिच्याकडे झेपावत होता आणि उस्ताद मान मागे घेत होते. "अरे, नको. अरे, हात काढ. अगं, घे याला." पण म्हणत होते आणि हसत होते. ठोंब्यानं नळीचा नाद सोडला आणि आजोबांचं बोट धरून थेट तोंडात नेलं. त्याचे ते दोन दात करकचून बसले.

"आई गं!" उस्ताद ओरडले. "चावला! काय चावतो! बघ, बघ, दोन दातांत काय ताकद आहे! याला म्हणतात चावा!"

पावणेअकरा. ट्रॉली घेऊन दोन वॉर्डबॉय दारात आले. त्यांच्यामागून सर्जनबाई, हिरव्या टोपीत. लेकीनं ठोंब्याला उचलायला हात पुढे केले.

आणि आवाज झाला.

फार मोठा नाही. पण लांब. सुरुवातीला बिचकत, मग धीर येऊन, मग शेवटी एक छोटा तुकडा, मागे विसरलेली पिशवी घ्यायला परत आल्यासारखा. सगळा वॉर्ड थांबला. ट्रॉलीची चाकं थांबली. सफाईवालीचं फडकं बादलीवर तसंच लोंबत राहिलं.

"हा ठोंब्या," उस्ताद लगेच म्हणाले. अजिबात विचार न करता. "सकाळपासून याचं पोट बरं दिसत नाही."

ठोंब्या बोट चोखत सगळ्यांकडे बघत होता.

सर्जनबाई खाटेपाशी आल्या. त्यांनी बाळाकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "कुणाचा होता?"

लेकीला आपल्या मुलाचे सगळे आवाज पाठ होते; झोपेतला, दुधानंतरचा, रागाचा. हा त्यातला नव्हता. पण ती बोलली नाही. काल तिनं त्यांचं एक झाकलेलं उघडं केलं होतं, चारचौघांत. हे त्यांचं त्यांनी उघडावं.

"बाबा," ती एवढंच म्हणाली.

"मी संगीतातला माणूस आहे," ट्रम्पेटवाला पलीकडून गंभीरपणे म्हणाला. "एवढा खालचा सूर आठ महिन्यांच्या पोराला लागत नाही."

"तुम्हांला कुणी विचारलं?" उस्ताद म्हणाले.

"आजोबा," सर्जनबाई म्हणाल्या. "ट्रॉली दारात आहे. मला नीट सांगा. बाळाचा असेल तर मी आत्ता तुम्हांला नेते आणि पोट उघडते. तुमचा असेल तर नेत नाही. तुमच्या शब्दावर ठरणार आहे."

उस्तादांनी आईकडे बघितलं. आईनं कंबरेवर हात ठेवले होते, पण तिचे डोळे भरून आले होते आणि ती काहीही टोमणा मारत नव्हती, म्हणजे ती फार घाबरलेली होती. त्यांनी लेकीकडे बघितलं. मग त्यांनी उशीला टेकून, झगा नीट करून, गिऱ्हाइकाला निकाल सांगताना बसत तसे ताठ बसायचा प्रयत्न केला.

"माझा," ते म्हणाले.

"मोठ्यानं!" आई म्हणाली. आवाज फाटला तिचा.

"माझा होता! माझा! आता काय पेपरात देऊ?"

सर्जनबाईंनी स्टेथोस्कोप त्यांच्या पोटावर ठेवला. बराच वेळ ऐकलं. उजवीकडे, डावीकडे, खाली. पोटातून काहीतरी गडगडत लांबवर गेलं. ते स्टेथोस्कोपशिवायही ऐकू आलं.

"आज काही कापायचं नाही," त्या म्हणाल्या आणि टोपी काढली. "दुपारी परत फोटो. सुटला असेल तर बाकीचं तो स्वतः करेल. मात्र सिस्टरला दर वेळी सांगायचं. दर वेळी. लाजायचं नाही."

ट्रॉली रिकामी परत गेली. तिच्या मागच्या चाकाचा कुईकुई आवाज लेकीला फार गोड वाटला. ती खाटेच्या कडेला बसली आणि तिनं बाबांच्या पोटावर हात ठेवला, हलकेच, गोल गोल फिरवत, जसा ती ठोंब्याच्या पोटावर फिरवायची. उस्तादांनी तो फिरू दिला. काढ म्हणाले नाहीत.

थोड्या वेळानं पुन्हा झाला. या वेळी आखूड.

"सिस्टर!" उस्तादांनी स्वतः हाक मारली. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. "लिहून घ्या!"